अनुभवाचा दाखला

उद्यमनगरात दर सोमवारी वीज जाते,
फाउंड्री गप्प होते, आणि मग माणसं बोलायला येतात.
इंद्रजित चौगले दारात उभा,
हातावरची काळी रेती पॅन्टला पुसत:
"मालक, एक दाखला पायजे. तिकडच्यासाठी."

मोबाईलवर तक्ता दाखवतो.
वयाला गुण. शिक्षणाला गुण. भाषेला गुण.
येत्या नऊ तारखेला त्याला तेहतीसावं संपतंय,
म्हणजे पाच गुण कमी.
बारा वर्षं मी त्याला पगार दिला,
त्याचा वाढदिवस मला ठाऊक नव्हता.
समुद्रापलीकडच्या एका देशाला आहे.

"कुठं अडलंय?"
"ऐकण्यात, मालक. बोलण्यात सहा पडले, लिहिण्यात सहा.
ऐकण्यात साडेपाचच."

मला हसू आलं, मग आलं नाही.
हा माणूस गार झालेल्या कास्टिंगवर हातोडी टिचकवतो,
मान तिरकी करतो,
आणि सांगतो, आत डावीकडं पोकळी आहे.
आम्ही कापून बघतो. डावीकडंच असते.
त्या परीक्षेत म्हणे हेडफोनवर
कुणी बाई ग्रंथालयाच्या वेळा सांगत होती.

राजारामपुरीतल्या एजंटनं वेगळीच वाट काढलीय:
अर्ज सुवर्णाच्या नावानं करा.
सीपीआरमध्ये रात्रपाळी करणारी त्याची बायको,
तिचा धंदा त्यांच्या यादीत वरती आहे,
ह्याचा शेवटून चौथा.
ती मुख्य अर्जदार, हा सोबतचा.
"सोबतचा," इंद्रजितनं शब्द परत म्हणून बघितला,
साच्यात माती दाबून बघावी तसा.
"तरी दाखला लागतोय, मालक. सोबतच्यालाबी थोडे गुण हाईत."

मग मी लिहायला बसलो.
त्यांना हवं ते त्यांच्या शब्दांत लिहायचं,
पण त्यांचे शब्द जसेच्या तसे उतरवायचे नाहीत.
आठवड्याचे तास. कामाचा सांकेतिक क्रमांक.
रेतीचा ओलावा तपासतो. साचे भरतो. दोष ओळखतो.
कशानं ओळखतो, त्याला रकाना नव्हता.

राग आला मला. खरंच आला.
कुठला कोण बाबू,
माझा माणूस भाजीच्या गाड्यावरच्या वांग्यासारखा
दाबून बघतोय, देठ हिरवा आहे का म्हणून.

तेवढ्यात गेटवरून बनमालीची हाक आली.
गंजाम जिल्ह्यातून त्याच्या गावची तिघं आली होती,
स्टेशनवरून चालत, खांद्याला बॅगा.
मी बाहेर गेलो. नेहमीसारखं विचारलं.
वय किती. आधी कुठं केलंस. हात दाखव.
बायको आणणार असशील तर खोली नाही.
गावाला वर्षातून एकदाच, तेही पावसाळ्यात.
एकजण पंचेचाळिशीचा असावा,
केसांना नवीन काळा रंग, कानामागं डाग राहिलेला.
"ह्यो नको," म्हणालो मी बनमालीला, मराठीत,
त्याला कळू नये म्हणून.
त्याला कळलं.
त्यानं बॅगेचा पट्टा दुसऱ्या खांद्यावर घेतला
आणि शिरोलीचा रस्ता विचारला.

माझ्याकडं तक्ता नाही. कधीच नव्हता.

केबिनमध्ये येऊन सही केली, शिक्का मारला.
शिक्का पुसट उठला, म्हणून परत मारला.
इंद्रजितनं कागद फुंकला, घडी न घालता
प्लॅस्टिकच्या फाइलीत सरकवला,
खाली वाकून नमस्कार करायला लागला तर मीच धरलं.
"एवढं बनमालीला शिकवून जा," म्हटलं.
"शिकवतोय की, दोन वर्षं झाली," तो म्हणाला.
म्हणजे दोन वर्षं तो जायला निघालेलाच होता.

साडेतीनला वीज आली.
इंद्रजित गेला सुवर्णाला कागद दाखवायला.
बनमालीनं सकाळच्या कास्टिंगवर हातोडी टिचकवली,
मान तिरकी केली, हुबेहूब,
आणि माझ्याकडं बघितलं: "ठीक है, सेठ?"

मी कान लावला.
मला सगळे आवाज सारखेच आले.